लक्कम्मांचे माप आणि आपला संसार



महिन्याचा शेवटचा आठवडा कसा असतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगावे लागत नाही. तेलाचे भांडे उपडे करून शेवटचा थेंब निथळत ठेवलेला असतो. चहातली साखर अर्ध्या चमच्याने कमी होते. मुलाने वही मागितली, तर जुन्या वह्यांची कोरी पाने फाडून, दाभणाने शिवून नवी वही तयार होते. अशा घरांना काटकसर शिकवायला कोणी जाण्याची गरज नाही. ती त्यांच्या हाताला आपोआप लागलेली असते.

तरीही या काटकसरीविषयी एक प्रश्न मनात येतो. काटकसर हा सद्गुण आहे की केवळ नाइलाज? आणि जर ती सद्गुण असेल, तर तिचेच रूप कधी कधी लोभासारखे, तर कधी चक्क अन्यायासारखे का दिसते? या प्रश्नाचा विचार करताना आयदक्की लक्कम्मा या शरणीची आठवण होते. बाराव्या शतकात कल्याणात राहिलेल्या या गरीब गृहिणीने संसाराचे जे माप घालून दिले, ते आजच्या आपल्या स्वयंपाकघरातही चालते का, हे या महिन्याच्या चिंतनात पाहू.

प्रसंग

लक्कम्मा आणि त्यांचे पती मारय्या हे मूळचे आजच्या रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वर क्षेत्राच्या परिसरातले. महात्मा बसवेश्वरांची कीर्ती ऐकून हे दांपत्य कल्याणला आले. बसवण्णांच्या महामनेत नित्य दासोह चाले. धान्याची ने-आण होताना अंगणात तांदळाचे दाणे सांडत. ते दाणे वेचणे हे मारय्यांचे कायक. कन्नडमध्ये 'आय्द' म्हणजे वेचलेले आणि 'अक्की' म्हणजे तांदूळ. त्यावरूनच या दोघांच्या नावामागे 'आयदक्की' हे विशेषण लागले. वेचून आणलेला तांदूळ लक्कम्मा शिजवीत, आधी जंगमांना वाढीत आणि मग दोघे प्रसाद घेत.

एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आले. कथेच्या एका पाठाप्रमाणे त्यांची परीक्षा पाहण्यासाठी बसवण्णांनीच त्या दिवशी अधिक तांदूळ अंगणात टाकवला होता. कोणत्याही गृहिणीला आनंद व्हावा असा हा प्रसंग. पण पदरातला ढीग पाहून लक्कम्मा आनंदल्या नाहीत. हाव ही राजाला शोभते, शिवभक्ताला नाही, असे त्यांनी पतीला सुनावले. इतक्या तांदळाची आस तुम्हाला कशाला, असे विचारले. रोज लागतो तेवढा ठेवून उरलेला जिथून आणला तिथे परत टाकून यायला सांगितले. मारय्याही रागावले नाहीत. ते गेले आणि टाकून आले.

लक्कम्मांची वचने आज आपल्यासमोर आहेत. 'मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग' ही त्यांची अंकिता. पतीचे नाव तीत आहे, परंतु वाणी स्वतःची आहे. मारय्यांची अंकिता वेगळी आणि त्यांची वेगळी. ही गोष्ट वरवर लहान वाटते, पण पुढच्या विवेचनात तिचे महत्त्व लक्षात येईल.

भावार्थ

या प्रसंगाचा अर्थ आपण सहसा 'संतोष' या एका शब्दात सांगून मोकळे होतो. आहे त्यात समाधान मानावे, असा उपदेश त्यातून काढतो. पण एवढाच अर्थ घेतला तर लक्कम्मांवर अन्याय होईल. कारण त्या दिवशी घरात कमी नव्हते, जास्त होते. कमी असताना समाधान मानणे हा पुष्कळदा नाइलाज असतो. जास्त असताना 'पुरे' म्हणणे हा निर्णय असतो. लक्कम्मांची काटकसर ही निर्णयाची काटकसर आहे.

दुसरे असे की, हा उपदेश कोणी कोणाला केला ते पाहा. बसवण्णा हे बिज्जळाच्या दरबारातील भांडारी, मोठ्या अधिकाराचे पुरुष. त्यांनी या गरीब दांपत्याला 'थोडक्यात भागवा' असे सांगितले नाही. उलट, कथेनुसार त्यांचा हात सैल होता. 'पुरे' हा शब्द गरिबाच्या घरातून, चुलीपुढून आला. यात मोठे मर्म आहे. भरल्या पोटाने उपाशी माणसाला काटकसर शिकवणे ही क्रूर थट्टा होय. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याला उपदेश नव्हे, भाकरी द्यावी. स्वतःच्या ताटाला लावलेले माप हा धर्म. दुसऱ्याच्या ताटाला लावलेले माप हा हिशेब, आणि तोही बहुधा खोटा.

तिसरे म्हणजे, तांदूळ वाचवून तो कोठे जातो, हा प्रश्न लक्कम्मांच्या मनात पक्का होता. शिजवलेले अन्न अर्पण होईपर्यंत पदार्थ असते आणि अर्पणानंतर प्रसाद होते, ही आपल्या धर्माची शिकवण. म्हणूनच ताटात कण न ठेवता, शेवटी ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकणारे आजोबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांना कोणी कंजूष म्हणत नसे. कारण त्याच आजोबांच्या दारातून भुकेला माणूस तसाच परत जात नसे. प्रसाद वाया घालवायचा नाही आणि अडवूनही ठेवायचा नाही. शरणांची काटकसर या दोन्ही अंगांनी चालते.

कंजुषाचीही काटकसर दिसायला अशीच असते. तोही दाणा सांडू देत नाही. फरक एवढाच की, त्याने वाचवलेला दाणा कोठेच पोहोचत नाही.

घरच्या हातांची कामे

आता आपल्या घराकडे वळू. माझे बालपण निपाणीत गेले. अप्पा एका तंबाखूच्या वखारीत कारकून होते. पगाराच्या संध्याकाळी आई फळीवरचे पाच डबे खाली काढी. भाडे, किराणा, दूध, शाळा आणि मठ असे ते पाच डबे. पैसे वाटून होत आणि डबे पुन्हा फळीवर जात. एका डब्यातले दुसऱ्यात गेले तर 'उसने' म्हणून चिठ्ठी पडे. बँकेचे तोंड न पाहिलेल्या आईचा हा जमाखर्च कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

विकत आणावी लागे ती वस्तू शेवटचा उपाय म्हणून येई. शेवया पाटावर होत, सांडगे आणि पापड अंगणात वाळत. दिव्याच्या वाती आजी मांडीवर वळी. इष्टलिंगाचे शिवदार सुताला पीळ देऊन घरीच होई आणि त्या वेळी आजी कोणाशी बोलत नसे. अप्पांच्या जुन्या विजारीची बाजाराची पिशवी होई. जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या मंद आचेवर शेकून फडक्यात बांधलेल्या असत. त्या आठ-पंधरा दिवस सहज टिकत आणि अचानक पाहुणा आला तर लाज राखीत.

या सर्वांत मोठे काम वाकळेचे. आमच्या कन्नड बोलणाऱ्या शेजारणी तिला कौदी म्हणत. जुनी नऊवारी लुगडी, फाटकी धोतरे, उसवलेले परकर धुऊन, वाळवून, एकावर एक अंथरायचे. वर-खाली त्यातल्या त्यात धड लुगडे घ्यायचे. चारी कडा टाचून घ्यायच्या आणि मग कडेपासून आत, फेऱ्यावर फेरा, धावदोरा घालीत मध्यापर्यंत यायचे. दोघी समोरासमोर बसल्या तरी मोठ्या वाकळेला दुपारच्या वेळात महिना जाई. कापड घरचे, दोरा तेवढा विकतचा. म्हणून आम्ही म्हणत असू की वाकळ 'फुकटात' होते.

वाचकहो, या 'फुकट' शब्दापाशी मी आपल्याला थोडे थांबवू इच्छितो. महिनाभराच्या दुपारी, डोळ्यांचा ताण, बोटांना पडलेली भोके यांची किंमत आम्ही शून्य धरली होती. शरणांनी ती तशी धरली नसती. नुलिय चंदय्या गवत कापून त्याचे दोर वळीत आणि बाजारात विकून दासोह करीत. मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणीत. कदिरे रेम्मव्वे सूत काढीत. दोर, टोपली आणि सूत या वस्तू तुमच्या-आमच्या घरात कोपऱ्यात पडलेल्या असतात. पण त्या करणाऱ्या हातांना शरणांनी अनुभवमंटपात मानाची जागा दिली, त्यांच्या कामाला कायक म्हटले आणि त्यालाच कैलास मानले. मग घरातल्या बाईने शिवलेली वाकळ हे कायक का नव्हे? ते तिचे कर्तव्यच आहे असे म्हणून आपण त्याचा हिशेब का मांडत नाही?

चंदय्यांची कथा आपल्याला ठाऊक आहे. गवत कापताना त्यांचे लिंग गळून पडले, तरी त्यांनी कायक थांबवले नाही. लिंगच त्यांच्यामागे आले आणि पुढे मडिवाळ माचय्यांच्या मध्यस्थीने त्यांनी ते पुन्हा स्वीकारले. कथेचा आशय असा की, गुरू असो, लिंग असो वा जंगम असो, कायकातून कोणालाच सूट नाही. मग त्याचीच दुसरी बाजू अशी की, कोणाचेही कायक शून्य किमतीचे नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आपण काटकसर म्हणून बाजारात घासाघीस करतो. केरसुणी विकणारी बाई, बुरूड, भाजीवाली यांच्याकडून दोन-पाच रुपये कमी करून घेतो आणि घरी येऊन ते कौतुकाने सांगतो. मोठ्या दुकानात मात्र छापलेली किंमत मुकाट्याने देतो. चंदय्या बाजारात दोर घेऊन उभे असता, त्यांच्या दोराचा भाव पाडणारा कोणी गिऱ्हाईक आपण डोळ्यांपुढे आणावा. त्याने वाचवलेला पैसा चंदय्यांच्या दासोहाच्या पंगतीतून उठवलेला असेल. दुसऱ्याच्या कायकातून कापलेली बचत ही काटकसर नव्हे.

ताट कोणाचे?

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. परंतु लक्कम्मांविषयी लिहायचे आणि स्वतःच्या घराविषयी खोटे राहायचे, हे योग्य वाटले नाही.

१९९१ सालच्या उन्हाळ्यात आई पाणी भरताना नळावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासले आणि अंगात रक्त फार कमी असल्याचे सांगितले. मग त्यांनी अप्पांना एकच प्रश्न विचारला, "घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं?"

अप्पांनी उत्तर दिले नाही. उत्तर आम्हा सर्वांना ठाऊक होते. आम्ही जेवून उठल्यावर आई बसे. भाजी संपलेली असे, आमटीचा तळ उरलेला असे. ती चटणी-भाकरी खाई आणि 'मला हेच आवडतं' म्हणे. आम्ही ते खरे मानले, कारण ते खरे मानणे आमच्या सोयीचे होते. नातेवाईक आईच्या काटकसरीचे गुण गात आणि आम्हाला अभिमान वाटे. पाच डब्यांचा हिशेब कधी चुकत नव्हता, कारण चुकेल तेवढे ती आपल्या ताटातून भरून काढीत होती. हा सहावा डबा फळीवर नव्हता, म्हणून आम्हाला दिसला नाही.

दुसरी गोष्ट अक्काची. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्याहून हुशार. सातवीनंतर तिची शाळा थांबली. 'दोघांचा खर्च झेपत नाही' हे कारण खरेच होते. पुढे ती आईबरोबर लोकांच्या वाकळा शिवू लागली. शेजारच्या गल्ल्यांतून जुनी लुगडी येत आणि शिलाईचे पैसे 'शाळा' या डब्यात पडत. तो डबा माझा होता. त्या पैशांतून माझी फी जाते, हे मला ठाऊक होते. मी तिला कधी काही विचारले नाही.

खर्च झेपत नव्हता हे खरे. पण न झेपणारा भार कोणाच्या खांद्यावरून उतरवायचा, हे कोणी, कधी, कोणाला विचारून ठरवले? आमच्या घरात ते आपोआप ठरले. जे आपोआप ठरते ते नेहमी त्याच व्यक्तीवर पडते, जिला 'नाही' म्हणण्याची सवय नसते.

आता पुन्हा लक्कम्मांकडे पाहा. त्यांच्या घरात काही आपोआप ठरले नाही. तांदूळ किती ठेवायचा, हे त्यांनी स्वतः बोलून ठरवले. पतीला विचारले, खडसावले आणि पतीने ते ऐकले. त्या एकट्या अर्धपोटी राहून मारय्यांना वाढत नव्हत्या. जे माप होते ते दोघांचे होते, पंगत एकच होती. म्हणूनच त्यांची काटकसर हा सद्गुण ठरतो. आमच्या आईने मुकेपणाने सोसले तो तिचा त्याग होता, त्याला मी वंदन करतो. पण आम्ही बाकीच्यांनी त्याला काटकसर म्हटले, ती आमची चूक होती.

त्या दिवसानंतर अप्पांनी एकच गोष्ट बदलली. आई बसल्याखेरीज ते पानावर बसेनात. पहिले काही दिवस आई संकोचाने रडकुंडीला येई. मग सवय झाली. किराण्याचा खर्च वाढला आणि अप्पांची सायंकाळची हॉटेलातली चहाची बैठक बंद झाली. पगार तोच होता. ओझे तेवढे वाटले गेले. अक्काच्या शाळेला मात्र उशीर झाला होता.

साठा आणि बचत

येथे एखादा वाचक विचारील, "लक्कम्मांनी उरलेला तांदूळ परत केला. मग आम्ही उद्यासाठी काहीच ठेवू नये काय? आजारपण आहे, मुलांचे शिक्षण आहे, म्हातारपण आहे." हा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून चालणार नाही.

लक्कम्मांना उद्याची चिंता नव्हती, याचे कारण केवळ त्यांचे वैराग्य नव्हते. त्यांच्याभोवती शरणांचा समाज होता. एकाचे कायक थांबले तर दुसऱ्याचा दासोह उभा होता. महामनेची चूल ही त्यांची बचत होती. आज आपल्या गल्लीत, आपल्या बिऱ्हाडात तशी चूल कितीजणांना आहे? शेजारच्या घरात कोण आजारी आहे हेही जिथे कळत नाही, तिथे दवाखान्याचे चार पैसे बाजूला ठेवणे ही हाव म्हणता येणार नाही. ती उद्याच्या कायकाची तयारी आहे.

मग बचत कोणती आणि साठा कोणता? मला यात आईच्या डब्यांनी मदत केली. तिच्या प्रत्येक डब्याला नाव होते. नाव असलेल्या पैशाला हद्द असते. शाळेची फी भरली की डबा रिकामा होतो आणि मन मोकळे होते. ज्या पैशाला नावच नाही, त्याला 'पुरे' कधी म्हणायचे हे कळत नाही. तो केवळ वाढण्यासाठी वाढत राहतो. लक्कम्मांनी ज्याला हाव म्हटले ती हीच, नाव नसलेली आणि हद्द नसलेली. आणि त्या पाच डब्यांत 'मठ' हा एक डबा होता, हेही विसरू नये. किराणा कमी असलेल्या महिन्यातही तो अगदी रिकामा राहत नसे. पगार कितीही तोकडा असला, तरी त्यात दुसऱ्याचा एक वाटा धरलेला होता.

थोड्यातून काढलेला वाटा लहान असतो म्हणून तो व्यर्थ जात नाही, हे आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. आपापल्या संसारापुरते पाहून ते सुखाने राहू शकले असते. लोक आजही त्यांना 'सप्तर्षी' म्हणून ओळखतात. पलीकडे साताऱ्याच्या बाजूला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या बायका दळणाच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवीत. त्या मुठींवर कितीतरी गरिबांची मुले शिकली. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे डॉ. शिवकुमार महास्वामीजी २१ जानेवारी २०१९ रोजी, वयाची १११ वर्षे पूर्ण करून लिंगैक्य झाले. जातपात न पाहता हजारो मुलांना अन्न, निवारा आणि विद्या देणाऱ्या त्या मठाच्या कोठारात शेतकऱ्यांच्या घरचे धान्य येत आले आहे. कोप्पळच्या गविसिद्धेश्वर जत्रेत महादासोहासाठी खेड्यापाड्यांतल्या बायका भाकऱ्या थापून आणतात. या भाकऱ्या ज्यांच्या चुलीवर भाजल्या जातात, त्यांतली अनेक घरे स्वतःच मोजून-मापून जगणारी असतात. मोजून जगणाऱ्यालाच मुठीची किंमत कळते, आणि म्हणून तोच ती उघडू शकतो.

आचरण

शेवटी, हे चिंतन पोथीतच राहू नये म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : पगाराच्या किंवा पिकाच्या पैशाचा हिशेब घरातल्या सर्वांनी एकत्र बसून करावा. लहान मुलांनाही बसवावे. काय कमी करायचे हे ठरवताना, ज्याच्या वाट्यातून कमी होणार आहे त्याला आधी विचारावे. आणि जो सर्वांत कमी बोलतो, त्याला दोनदा विचारावे.

दुसरी : घरात हातांनी जे बनते, मग ती वाकळ असो, शेवया असोत की दुरुस्त केलेली छत्री असो, त्याला 'फुकट' म्हणू नये. ते कोणाचे तरी कायक आहे. मुलग्यांनीही सुई-दोरा हातात घ्यावा. शरणांत दोर वळणारे आणि टोपल्या विणणारे पुरुषच होते, त्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. बाहेरून घेताना करणाऱ्याच्या कष्टाला पुरेल एवढा भाव द्यावा.

तिसरी : बचतीला नाव द्यावे आणि त्या नावांत एक नाव घराबाहेरचे असावे. ती मूठ लहान असली तरी चालेल.

या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती एकमेकांकडे पाहण्याची तयारी, आणि आमच्या घरात कमी पडली ती तीच.

अक्का आता नातवंडांची आजी झाली आहे. तिच्या मुलीला तिने पदवीपर्यंत शिकवले. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो असता, इतक्या वर्षांनी धीर करून तो विषय काढला आणि क्षमा मागितली. ती वाकळ घालत बसली होती. तिने वर न पाहता फेरा पूर्ण केला आणि म्हणाली, "तू फी भरलीस त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही रे. मला कोणी विचारलं असतं, तर कदाचित मीच हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही कुणी."

लक्कम्मांनी मारय्यांना विचारले होते, इतका तांदूळ कशाला? आपल्याला कोणाला काय विचारायचे राहिले आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरात बसून पाहावे.

शरणु शरणार्थी.